झाडापासून केलंय, म्हणजे निर्धोक?

रोटेनॉन हे नाव फार जणांनी ऐकलेलं नसेल. पण "झाडपाल्याचं औषध आहे, त्याला काय होतंय" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने या विषाचा इतिहास वाचायला हवा.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या काही झाडावेलींची मुळं ठेचून संथ पाण्यात सोडायचे. थोड्या वेळात मासे तडफडत वर यायचे. तिकडे मलायात 'तुबा' वेलीचं मूळ याच कामाला यायचं. हे विष कल्ल्यांतून सरळ रक्तात जातं आणि पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. पाण्यात प्राणवायू असून मासा गुदमरतो! माणसाच्या पोटातून मात्र ते कमी शोषलं जातं, त्यामुळे ते लोक हे मासे खात.

१८९५ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमान्युएल जॉफ्रॉय यांचं या विषावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. ते बघायला ते स्वतः हयात नव्हते. १९०२ मध्ये जपानच्या काझुओ नागाई यांनी तुबाच्या जातीच्या वेलीतून तोच पदार्थ वेगळा केला. वेलीचं जपानी नाव 'रोतेन', त्यावरून रोटेनॉन. पुढे त्याची भुकटी जगभर शेतात आणि परसबागेत गेली. सेंद्रिय शेतीवाल्यांनाही ती चालायची, कारण ती 'नैसर्गिक' होती ना!

मग २००० साली अमेरिकेत उंदरांच्या रक्तात हे विष सतत सोडून पाहिलं, तर त्यांच्यात कंपवातासारखी लक्षणं दिसली. २०११ च्या एका अभ्यासात रोटेनॉन वापरलेल्यांमध्ये कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. एवढ्यावरून कारण पक्कं ठरत नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकी ही गोष्ट किरकोळही नाही. त्याआधीच, २००८ मध्ये, युरोपीय संघाने कीटकनाशक म्हणून त्याची मान्यता नाकारली होती. अमेरिकेत आज ते उरलंय ते मुख्यतः तळ्यातले नको असलेले मासे मारायला. म्हणजे फिरून पुन्हा माशांवरच!

शेतीच्या बातम्या करताना मी पाहतो, बाटलीवर हिरवं पान छापलेलं असलं की आपला शेतकरी तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाही. हात न धुता भाकरी खातो. त्या आदिवासींना आपण काय वापरतोय ते नीट माहीत होतं. आपल्याला मात्र बाटलीत काय आहे हेच कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

अफूही झाडाचीच. धोतराही झाडच. तेव्हा औषध कशापासून केलंय हे विचाराच, पण त्यात नेमकं काय आहे, किती आहे आणि फवारताना काय काळजी घ्यायची, हे आधी विचारा.