थर्मामीटर खोटं बोलत नव्हता

थंडीत आमच्या पेपरात चिकलठाणा वेधशाळेचा पारा छापून येतो. "शेतात याहून जास्त गारठा होता" असं गावाकडची माणसं म्हणतात, आणि ती काही उगाच बोलत नाहीत. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. हरभऱ्याचं रोप तिथे राहत नाही!

या चार फुटांवरून पुण्यात एक मोठं कोडं उभं राहिलं होतं. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास तिथे हवामान खात्यात होते. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक शोधनिबंध छापला. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री उघड्या जमिनीवरची सगळ्यात थंड हवा जमिनीलगत नसते, थोडी वर, वीतभर-दोन वीत उंचीवर असते, असं त्यात होतं.

झालं! पुस्तकं सांगत होती की रात्री जमीन आधी निवते, म्हणून सगळ्यात थंड तीच. शिवाय थंड हवा जड, ती ऊबदार हवेवर तरंगत राहीलच कशी? मग दोष उपकरणाचा. शंका अगदीच फालतू नव्हती बरं का. उघडा थर्मामीटर स्वतःच आकाशाकडे उष्णता टाकतो आणि हवेपेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. पण या शंकेच्या भरवशावर कुणी ते आकडे 'दुरुस्त' केले असते तर?

सुदैवाने तसं झालं नाही. १९५६ साली इंग्लंडमध्ये लेक यांना आणि १९५७ साली पुण्यातच राश्के यांना तोच प्रकार दिसला. थर्मामीटर सुटला. कारण सापडायला मात्र १९९३ उजाडलं. बंगळूरच्या वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि नरसिंह यांनी उष्णतेच्या प्रारणातून ते मांडलं. पुढच्या कामात हवेतल्या धूलिकणांचाही हात दिसला. असो.

आता शेतावर मनोरे उभारून 'एडी कोव्हेरियन्स' पद्धतीने हवेचे भोवरे सेकंदाला दहा-वीस वेळा मोजतात आणि पीक किती कार्बन डायॉक्साइड घेतं-सोडतं ते काढतात. तिथेही दुरुस्त्या आहेतच. ऊन तापलं की हवा प्रसरण पावते, घनमीटरमागे वायूचे रेणू कमी होतात, आणि पिकानेच वायू शोषला असा भास होतो. वेब, पिअरमन आणि ल्यूनिंग यांनी १९८० साली याचं गणित दिलं. मला ही खरी दुरुस्ती वाटते, कारण चूक का होते ते आधी कळलेलं आहे.

शांत रात्रींचं तसं नाही. भोवरे मंदावले की मोजमाप कमी येतं. मग हवेच्या घुसळणीची एक मर्यादा ठरवतात, त्याखालचे आकडे गाळतात आणि जागा अंदाजाने भरतात. नाइलाज आहे, कबूल, पण हे ठिगळ झालं. आणि गाळलेल्या त्या रात्रींमध्ये रामदासांच्या रात्रीही आल्याच.