हजेरी

शाळामास्तराचा दिवस हजेरीने सुरू होतो. एकेक नाव घ्यावे, ‘हजर, गुरुजी’ असा एकेक आवाज यावा आणि वहीत खूण पडावी. इतका निरुपद्रवी विधी दुसरा नसेल, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. परंतु याच नावाच्या एका विधीने आपल्या देशात कित्येक जमातींची, दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली होती.

सणाच्या अंकात हा कडू विषय कशाला, असे घरची मंडळी म्हणतील. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेच. फराळ त्यानंतरचा!

जगाच्या इतिहासात अल्पसंख्य लोकांचा छळ पुष्कळदा वहीपासून सुरू झालेला दिसतो. आधी नावे लिहिली जातात, मग खूण लावली जाते आणि बाकीचे सारे त्यामागून येते. जर्मनीत १९३८ साली ज्यूंच्या पासपोर्टांवर एक अक्षर छापले गेले, १९४१ साली त्यांच्या अंगावर पिवळा तारा आला आणि पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. त्याच राजवटीने रोमा लोकांचीही, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, कत्तल केली. परंतु त्यांची वही त्याआधी कितीतरी वर्षे उघडलेली होती. १८९९ सालीच म्युनिकच्या पोलिसांनी जिप्सींची माहिती गोळा करणारी खास कचेरी थाटली होती. फ्रान्ससारख्या स्वातंत्र्याचा मंत्र देणाऱ्या देशातही १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापे नोंदलेली पुस्तिका जवळ बाळगावी लागे. तो कायदा १९६९ साली गेला.

आता जरा घराकडे वळू.

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला. त्यामागचा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद मोठा विलक्षण होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा कोष्टी होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार! म्हणजे आपल्याच जातिव्यवस्थेचा दाखला घेऊन त्यांनी हा फास विणला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर केले, की ते योग्य की अयोग्य हे विचारण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. खुनी मनुष्याला वकील मिळे. पारध्याच्या पाळण्यातल्या पोराला तेवढीही सोय नव्हती.

आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होण्याजोगा झाला. आपल्या मराठी मुलुखात कैकाडी, भामटे, छप्परबंद, फासेपारधी अशांची नावे वहीत चढली. नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी, कित्येक ठिकाणी रात्रीसुद्धा, पोलिसापुढे वा पाटलापुढे हजेरी द्यावी, परवान्यावाचून गावाबाहेर जाऊ नये, असा नियम झाला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ‘सेटलमेंट’ वसल्या आणि तिथली माणसे गिरण्यांत राबू लागली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या मुलांनाही आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. चार वर्षांचे मूल म्हणजे काय, हे दिवाळीला ज्या घरात फुलबाजी धरून असे मूल नाचते, त्या घराला सांगायला नको.

हे पारधी होते तरी कोण? फासे लावून तितर, लावे, हरणे धरणारे ते फासेपारधी. चित्ता पाळून त्याच्याकरवी शिकार करविणारे ते चित्तेपारधी. आणि दारोदार फिरून जात्याला टाकी लावणारे ते टाकणकार. ज्या जात्यावर आपल्या आज्यांनी दळले, त्याची धार या हातांनी राखली. पुढे रान सरकारचे झाले, जाती जाऊन गिरण्या आल्या आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही संपली. वन्य प्राण्यांचे रक्षण झाले ते योग्यच झाले. पण पारध्याने उद्यापासून काय खावे, याचा विचार कोणी फारसा केला नाही.

याच काळातली दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने हुकूम काढला, की प्रत्येक हिंदी माणसाने नाव नोंदवावे, दहाही बोटांचे ठसे द्यावेत आणि दाखला जवळ बाळगावा. हे ठसे तर गुन्हेगारांचे घेतात, हा साऱ्या समाजाचा अपमान आहे, म्हणून गांधीजी उभे राहिले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गला शपथ झाली. १९०८ च्या ऑगस्टात दाखल्यांची होळी झाली. सत्याग्रह जन्मला तो एका वहीत नाव लिहिण्याचे नाकारण्यातून! त्यानंतर तीनच वर्षांनी, १९११ च्या कायद्याने, खुद्द हिंदुस्थानात पारधी-कैकाड्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. आफ्रिकेतल्या ठशांनी आपल्या सुशिक्षितांचे रक्त उसळले होते. वेशीबाहेरच्या ठशांनी आपल्या गावाची झोप मोडली नाही. उलट, बरे झाले, असेच म्हणणारे पुष्कळ निघाले असतील. गांधीजी पुढे ज्या आमच्या वर्धा जिल्ह्यात येऊन राहिले, तिथेही पारधी बेडे आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाली होती. या जमातींना ‘विमुक्त’ हे सुंदर नाव मिळाले. परंतु ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की तुरुंगांच्या नियमांतून विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याची रीत काढून टाका. बहात्तर वर्षे ती वही कुठेतरी उघडीच राहिली होती.

ती फक्त तुरुंगांतच उघडी होती, असे म्हणून मला सुटता येणार नाही. काही वर्षांपूर्वी वर्गात सहलीसाठी जमवलेले पैसे एकदा जागेवर दिसेनात. मी कोणाचे नाव घेतले नाही. फक्त मान वर करून वर्गाकडे पाहिले. नजर कोठे थांबली ते मलाही त्या क्षणी कळले नसेल. बेड्यावरचा एक मुलगा मुकाट्याने उठला आणि त्याने आपले दप्तर जमिनीवर पालथे केले. दोन वह्या, एक पेन्सिल, गोफणीची दोरी. सारे नीट मांडून तो बाजूला उभा राहिला. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते, आणि हे त्याला शिकवलेही कोणी नव्हते. १८७१ चा कायदा दहा-बारा वर्षांच्या त्या पोराच्या हातात जिवंत होता आणि माझ्या डोळ्यांतही.

पैसे पुढे कोठे सापडले, ते येथे सांगत नाही. ते कोठेही सापडले असते, तरी माझ्या नजरेचा हिशेब तोच राहिला असता.

सरकारची वही सरकारने मिटवली. आपल्या मनातली वही मात्र ज्याची त्यानेच मिटवायची असते. तिला कायदा लागू होत नाही. त्या दिवसापासून हजेरी घेताना मी एक करतो. नाव घेतले, की वहीकडे न पाहता मुलाच्या तोंडाकडे पाहतो, आणि ‘हजर, गुरुजी’ असे ऐकू आल्यावरच खूण करतो. तो मुलगाही वर्षअखेरपर्यंत हजेरी देत राहिला. आधी अगदी हळू देई. नंतर जरा मोठ्याने देऊ लागला.