खाडीपलीकडचे तास

मुंबईसमोर खाडीकाठी असलेल्या उलवे, गव्हाण, मोरावे, न्हावे या पट्ट्यातली भातशेती पिढ्यान्‌पिढ्या खारबांधाच्या भरवशावर उभी होती. खाडीच्या बाजूला दगडमातीचा बांध, पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर राखण. खेकड्याने पोखरलेल्या बिळातून पाणी आत शिरले की ते बांधाच्या पोटातून वाट काढत जाते. वरून बांध शाबूत दिसतो आणि एकाएकी खांड जाते. मग त्या वर्षीचे भात घरात येणार की शेत खारे होणार, हे खांड केवढी मोठी आहे यावर जितके ठरे, तितकेच माणसे, माती आणि पेंढा तिथे किती वेळात पोचतो यावर ठरे. माणसाच्या छातीतल्या महाधमनीलाही अशीच खांड जाते. या धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यांत आतल्या थराला चीर पडली की हृदयातून जोराने येणारे रक्त मधल्या थरात घुसते आणि भिंत उभी उसवत नेते. वाटेत मेंदूकडे, मूत्रपिंडांकडे, आतड्यांकडे, पायांकडे जाणाऱ्या फांद्या दाबल्या जातात; बाहेरचा थर फुटला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचते आणि हृदय जागच्या जागी थांबते. डॉक्टर याला एऑर्टिक डिसेक्शन म्हणतात. चीर हृदयालगतच्या चढत्या भागात असेल तर ते ‘टाइप ए’, आणि त्याला तातडीच्या शस्त्रक्रियेखेरीज खरा उपाय नाही.

अशा रुग्णाला टेबलावर घेताना तो वाचण्याची शक्यता किती, हे आधी सांगता यावे म्हणून गेली सत्तर वर्षे शास्त्र धडपडते आहे. त्या धडपडीबद्दल आदर बाळगूनच मला असे वाटते की तिने मोजणी नेहमी रुग्णालयाच्या दारापासून सुरू केली. उलव्यासारख्या गावाचा इतिहास पाहिला तर जोखमीचा मोठा वाटा त्या दाराच्या अलीकडे, खाडीच्या या बाजूला, खर्ची पडलेला दिसतो. आणि तो वाटा रुग्णाच्या शरीराने ठरवलेला नव्हता.

आधी मोजणीचा इतिहास पाहू. १७६० साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज अचानक मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांना शवविच्छेदनात हृदयाभोवती साचलेले रक्त आणि महाधमनीची चीर दिसली. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे हा आजार मेल्यावरच कळे, त्यामुळे जोखमीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला १९५४ साली, ह्यूस्टनला मायकेल डिबेकी यांनी अशी धमनी यशस्वीपणे दुरुस्त केली तेव्हा. १९५८ मध्ये हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी ५०५ रुग्णांचा आढावा घेतला. अशा जुन्या आढाव्यांतूनच, उपचार न झाल्यास तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत रुजले. १९९६ मध्ये ‘आयरॅड’ ही आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २००० साली तिच्या पहिल्या ४६४ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला: टाइप एमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णालयातच गेले, औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८ टक्के. त्यानंतर गुणांकनाची सूत्रे आली. वय सत्तरच्या पुढे आहे का, रक्तदाब कोसळला आहे का, मूत्रपिंडे बंद पडली आहेत का, एखाद्या हातापायाची नाडी लागत नाही का. जर्मन भाषक देशांतल्या ‘गेराडा’ नोंदवहीने २१३७ रुग्णांवरून फार नेमकी गोष्ट दाखवून दिली: एकाही अवयवाचा रक्तपुरवठा तुटलेला नसेल तर तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आत राहते, आणि तीन अवयवसंस्थांचा तुटला असेल तर ते ४३ टक्क्यांवर जाते.

हा शेवटचा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. अवयवांचा रक्तपुरवठा तुटणे हा रुग्णाचा स्वभावगुण नव्हे. वय बदलत नाही, पण उसवण तासागणिक पुढे सरकू शकते, आणि पुरवठा तुटलेले आतडे वा मूत्रपिंड प्रत्येक तासाला अधिक मरते. म्हणजे सूत्रात ‘अवयवाची हानी’ म्हणून जे नोंदवले जाते, त्यातला काही भाग हा साचलेला वेळच असतो. वेळ तिथे वेगळ्या नावाने बसलेला आहे, इतकेच.

आता खाडीच्या पलीकडे पाहू. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० आणि ६० च्या दशकांत डॉ. पी. के. सेन यांनी हृदय व महाधमनीच्या शस्त्रक्रियेची मोठी परंपरा घडवली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, त्यांनी तिथे भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. महाधमनीच्या बाबतीत सेन, किणारे, केळकर आणि परुळकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर लिहिलेला ग्रंथ १९७३ साली आला. तो डिसेक्शनचा नव्हता, धमनीच्या भिंतीला सूज येऊन ती अरुंद होण्याच्या आजाराचा होता. पण महाधमनी उघडणारे हात आणि तिची भिंत सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारे डोळे त्या काळी परळमध्ये होते, याचा तो पुरावा आहे. उलव्यापासून परळ पाण्यावरून सरळ रेघ काढली तर जेमतेम वीस किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र गावातल्या रुग्णापुढे दोनच वाटा होत्या. एक मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर. ती भरती-ओहोटीच्या तालावर चालणारी, आणि पावसाळी वाऱ्यात बेभरवशाची. दुसरी पनवेल, शीळ, मुंब्रा, कळवा, ठाणे असा पूर्ण खाडीला वळसा घालून. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला तेव्हा तो वळसा कमी झाला, पण गावातून पनवेलच्या रस्त्याला लागेपर्यंतची पायवाट आणि बैलगाडी काही पुलाने संपवली नाही.

याच काळात, १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली आणि या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यातून आले. भूखंडाचा हिशेब टक्क्यांत झाला, तासांचा कधीच झाला नाही. लोकलची पहिली गाडी बामणडोंगरी आणि खारकोपरला पोचली ती ११ नोव्हेंबर २०१८ रोजी, सिडकोच्या स्थापनेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला गेला आणि उलवे नदीचे पात्र वळवले गेले. जमीन हलवण्याची ताकद कमी नव्हती. तिचा क्रम कोणी लावायचा, हा प्रश्न होता.

यावर शल्यविशारद म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे वाजवी आहे, की जोखमीचे सूत्र नगररचनेसाठी बनवलेले नाही. समोर आलेल्या रुग्णाला कापावे की नाही आणि नातेवाइकांना काय सांगावे, एवढेच त्याचे काम. हे मान्य करूनही एक अडचण राहते. जे वाटेतच दगावले ते कुठल्याच नोंदवहीत नाहीत. त्यामुळे दूरवरून रुग्ण येणाऱ्या रुग्णालयाचे आकडे उलट बरे दिसू शकतात, कारण सगळ्यांत नाजूक रुग्ण तिथवर पोचलेलेच नसतात. २०२२ साली आयरॅडच्याच नव्या अभ्यासाने औषधांवर ठेवलेल्या टाइप ए रुग्णांचा मृत्युदर पहिल्या ४८ तासांत तासाला अर्धा टक्का काढला, जुन्या आकड्याहून बराच कमी. ही सुधारणा खरी आहे, पण तीही दारात पोचलेल्यांचीच. आणि सूत्र एकेका माणसापुढे किती तोकडे पडते, ते डिबेकी यांनाच भोगावे लागले. २००५ च्या शेवटच्या दिवशी, ९७ व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच डिसेक्शन झाले. त्यांनी आधी शस्त्रक्रिया नाकारली. फेब्रुवारीत ते बेशुद्ध झाल्यावर रुग्णालयात बराच खल होऊन ती झाली, आणि ते २००८ पर्यंत जगले. वयाच्या रकान्याने ज्याला नाकारले असते तो वाचला, कारण सर्व काही त्याच्या हाताशी होते.

दुसरा आक्षेप असा की हा इतिहास आता संपला. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, २१.८ किलोमीटर लांबीचा. उलव्याजवळ शिवाजीनगरला चढले की तो शिवडीला उतरतो आणि तिथून केईएम दोन-तीन किलोमीटर. बेलापूर, नेरूळ, कामोठ्यालाही मोठी रुग्णालये झाली आहेत. राज्याची १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, आणि रायगड तर २०१२ मध्ये जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांपैकी एक. हे सगळे मोलाचे आहे. तरी आयरॅडच्या नोंदींत रुग्णालयात पोचल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यक वेळच सुमारे चार तास वीस मिनिटे निघाला, आणि ती सुसज्ज केंद्रे होती. छातीत फाडल्यासारखी कळ आली की पहिला तर्क हार्ट अटॅकचा होतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तो कितीतरी अधिक आढळतो. पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन डिसेक्शनमध्ये दिले तर फाटलेल्या भिंतीतून वाहणारे रक्त गोठणारच नाही. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून फरक पाहणे, पाठीत सरकत जाणाऱ्या कळेबद्दल विचारणे, संशय आला तर सीटी अँजिओ करणे: हे उलव्याच्या एखाद्या छोट्या दवाखान्यात सुरू होऊ शकते, निदान संशयापुरते तरी. इतका दुर्मिळ आजार, वर्षाला लाखात मोजके रुग्ण, त्यासाठी गावाची व्यवस्था का बेतावी, असेही कोणी विचारील. पण हार्ट अटॅक, पक्षाघात, बाळंतपणातला रक्तस्राव यांना याच वाटेने जावे लागते. डिसेक्शन त्या वाटेची सर्वांत कठोर परीक्षा घेते.

आणि वाट अजून पूर्ण झालेली नाही. सेक्टरमधल्या इमारतीतून रात्री दोन वाजता कळ आलेल्या माणसाला खाली उतरवले की कोपऱ्यावर आधी सापडते ती रिक्षा. अटल सेतूवर रिक्षाला आणि दुचाकीला बंदी आहे, आणि सायन-वांद्र्याच्या दक्षिणेला, म्हणजे परळच्या दिशेला, मुंबईत रिक्षा चालतच नाही. तेव्हा ती रिक्षा सेतूच्या चढणीला पाठ करून, पाम बीचकडे, १९७३ च्याच वाटेला लागते.