ग्रंथपालांच्या स्मरणातील ग्रंथालय

विद्यापीठाचे ग्रंथालय म्हटले की लाखो ग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड आणि संगणकावरील तालिका डोळ्यांसमोर येते. परंतु देणगीदाखल आलेली कोणती पुस्तके अद्याप दाखल नोंदवहीत चढलेली नाहीत, हरवला म्हणून नोंदलेला खंड प्रत्यक्षात कोणत्या कपाटात आहे, याची माहिती त्या तालिकेत नसते. ती पंचवीस-तीस वर्षे सेवा केलेल्या कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असते आणि निरोप समारंभानंतर त्यांच्याबरोबरच निघून जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये ग्रंथालयासाठी 'ज्ञानस्रोत केंद्र' ही संज्ञा आली. कर्मचाऱ्यांजवळील या ज्ञानाचे जतन मात्र नामांतराने होणारे नाही.

हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी अशा शब्दांत सहज न मांडता येणाऱ्या ज्ञानाचा विचार केला. त्यांचा 'द टॅसिट डायमेन्शन' हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अव्यक्त ज्ञानाचा प्रत्यय मराठी ग्रंथांच्या वर्गीकरणात पदोपदी येतो. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. परंतु ज्ञानेश्वरीवरील विवेचनग्रंथ तेथे ठेवायचा, की धर्म किंवा तत्त्वज्ञान या विभागात? कवितासंग्रहाची मुख्य नोंद कुसुमाग्रज या नावाने करायची, की वि. वा. शिरवाडकर या नावाने? अशा प्रश्नांवर प्रत्येक ग्रंथालयात कधी तरी निर्णय झालेला असतो. त्याचे कारण क्वचितच लिहून ठेवलेले असते. नवा तालिकाकार आला की तो स्वतंत्र निर्णय घेतो आणि एकाच लेखकाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. त्याची झळ अखेर संशोधक विद्यार्थ्याला बसते.

विद्यापीठ ग्रंथालयांना जोडण्यासाठी १९९१ मध्ये 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या छत्राखाली सुरू झाला आणि १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र बनला. त्यातून ग्रंथांची माहिती एकत्र येऊ लागली. ग्रंथपालांचा अनुभव मात्र संगणकात आपोआप उतरत नाही.

तो सहवासातून उतरतो, असे इकुजिरो नोनाका यांचे प्रतिपादन होते. त्यांनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. घरगुती पाव-यंत्र बनवताना 'मात्सुशिता' कंपनीला कणीक मळण्याचे तंत्र साधेना, तेव्हा कंपनीच्या एका कर्मचारी महिलेने ओसाकातील हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे उमेदवारी करून ते आत्मसात केले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पायाही काहीसा असाच घातला गेला. गणिताचे अध्यापक असलेले डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना या कामाचा अनुभव नव्हता. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी क्रॉयडनचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन घेतले, अनेक ग्रंथालयांचे कामकाज पाहिले. परतल्यावर ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. मद्रास ग्रंथालय संघाने १९२९ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि १९३१ मध्ये तो विद्यापीठाने स्वीकारला.

आजची अडचण केवळ अनास्थेची नाही. जे आपल्यालाच ठाऊक आहे ते सांगून टाकले तर आपले महत्त्व उरणार नाही, अशी भीती सर्वच कार्यालयांत असते. ग्रंथालयेही तिला अपवाद नाहीत. पुष्कळदा परिचराला ग्रंथांच्या जागा अधिकाऱ्यापेक्षा अचूक ठाऊक असतात, पण बैठकीला त्याला बोलावले जात नाही.

उपाय खर्चिक नाहीत. देवघेव, तालिकीकरण आणि संदर्भ या विभागांत कर्मचाऱ्यांची आलटून पालटून नेमणूक करता येते. वर्गीकरणाचे निर्णय कारणांसह एका वहीत नोंदवता येतात. संदर्भ विभागात आलेले अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरे कोठे सापडली, हेही टिपून ठेवता येते. सर्वांत मोलाचे म्हणजे, निवृत्त होणाऱ्याच्या जागी येणारा कर्मचारी काही महिने आधी रुजू व्हावा. नेमके हेच घडत नाही. पद रिक्त झाल्यावर भरतीची प्रक्रिया सुरू होते, तोवर ठरावीक मुदतीच्या करारावर माणूस नेमला जातो आणि त्याला कपाटांची ओळख होते न होते तोच त्याचा करार संपतो.