स्नूकरकडून पूलकडे : अ‍ॅलिसन फिशर यांच्या कारकिर्दीचा विचार

स्नूकर हा खेळ इंग्लंडमध्ये वाढला, तरी त्याचा जन्म जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला. १८७५ च्या सुमारास डेव्हनशायर पलटणीतील नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या मेजावर रंगीत चेंडूंची भर घालून हा नवा प्रकार रूढ केला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात मोडत असे व त्या प्रांताचे मुख्य ठाणे नागपूर होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही दोन्ही शहरे एकाच शासनाखाली राहिली. तेव्हा या खेळाचा इतिहास नागपूरकर अभ्यासकाला सर्वस्वी परका नाही. या इतिहासातील एक प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. ज्या खेळाडूने स्नूकरमधील स्त्रियांचे जागतिक अजिंक्यपद सात वेळा मिळविले, तिला तो खेळ सोडून देशांतर का करावे लागले?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दोन शब्दांचा विचार उपयुक्त ठरेल. 'स्नूकर' हा मुळात वुलिच येथील लष्करी विद्यालयातील बोलीचा शब्द असून तो पहिल्या वर्षाच्या नवशिक्या छात्राला उद्देशून वापरीत. सोपा फटका चुकलेल्या सोबत्याला चेंबरलेनने या नावाने हिणविले आणि तेच खेळाचे नाव झाले. उलटपक्षी 'पूल' हा शब्द फ्रेंचमधून आला व त्याचा अर्थ सर्वांनी मिळून लावलेल्या पणाची रक्कम असा आहे. एक नाव पुरुषांच्या छावणीतील थट्टेतून निघाले, तर दुसरे पैशाच्या व्यवहारातून. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. तथापि येथे ती इतिहासाची दिशा बरोबर दाखविते.

स्त्रिया या खेळात उशिरा आल्या, असा समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. इंग्लंडमध्ये १९३१ साली स्त्रियांची बिलियर्ड संघटना स्थापन झाली आणि १९३४ पासून स्त्री-व्यावसायिकांची स्नूकर स्पर्धा सुरू झाली. रूथ हॅरिसन या खेळाडूने ती आठ वेळा जिंकली. ही स्पर्धा १९५० नंतर बंद पडली. पुढे १९७६ साली व्हेरा सेल्बी यांनी स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत उणीव होती ती खेळणाऱ्या स्त्रियांची नव्हे, तर त्यांना सामावून घेणाऱ्या संस्थेची.

खेळण्याची जागा मिळणे हाच मुळी वादाचा विषय होता. स्नूकरचे मेज बारा फूट लांब व सहा फूट रुंद असते. ते सामान्य घरात मावत नाही आणि परवडतही नाही. सबब क्लब हाच खेळाडूचा आधार. इंग्लंडमधील अनेक कामगार-क्लबांत तर स्त्रियांना मेजाजवळ येण्यासच बंदी होती. वेकफील्ड येथील शीला कॅपस्टिक या बाईंना १९७८ साली तेथील क्लबात खेळण्यास मनाई झाली आणि त्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. या क्लबांच्या मध्यवर्ती संघटनेने स्त्रियांना समान सदस्यत्व दिले ते २००७ साली. चळवळीनंतर जवळजवळ तीन दशकांनी.

अ‍ॅलिसन फिशर यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. त्यांचा जन्म १९६८ चा. दूरचित्रवाणीवरील स्नूकर पाहून लहानपणीच त्यांना या खेळाची ओढ लागली. १९८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर १९८६, १९८८, १९८९, १९९१, १९९३ व १९९४ या वर्षी ते पुन्हा त्यांच्याकडे आले. १९९१ मध्ये स्टीव्ह डेव्हिस यांच्या जोडीने त्यांनी मिश्र दुहेरीचे जागतिक पदही जिंकले. त्याच वर्षी व्यावसायिक स्नूकर सर्वांना खुले झाले व फिशर यांनी पुरुषांबरोबर खेळण्यास प्रारंभ केला. तेथे वरच्या श्रेणीपर्यंत त्यांना पोचता आले नाही. स्त्रियांच्या स्पर्धांत जिंकण्यासारखे फारसे उरले नव्हते आणि जे जिंकावे त्यातून चरितार्थ चालत नव्हता.

१९९५ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे स्त्री-व्यावसायिकांची स्वतंत्र संघटना १९७६ पासून कार्य करीत होती आणि तिच्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविल्या जात. नऊ चेंडूंच्या पूलचे मेज नऊ फुटांचे, चेंडू किंचित मोठे, खिसे अधिक रुंद. लांब मेजावर घडलेली नेमकी नजर येथे कामी आली. प्रारंभीचा फोडीचा फटका मात्र नव्याने शिकावा लागला. १९९६, १९९७, १९९८ व २००१ या वर्षी त्या नऊ चेंडूंच्या जगज्जेत्या ठरल्या आणि २००९ मध्ये अमेरिकेतील बिलियर्ड खेळाडूंच्या सन्मान-दालनात त्यांची निवड झाली.

हे उदाहरण अपवादात्मक असते, तर त्यावरून अनुमान काढणे धाडसाचे झाले असते. परंतु तीन वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या कॅरन कॉर यांनी हाच मार्ग धरला. पाच वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या केली फिशर यांनीही. २००४ साली तर स्त्रियांची जागतिक स्नूकर स्पर्धा भरलीच नाही. पुढे रीअ‍ॅन इव्हान्स यांनी बारा वेळा विजेतेपद मिळविले. पण २०१३ च्या विजयाबद्दल त्यांना सुमारे दीड हजार पौंड मिळाले, तर त्या वर्षीच्या पुरुष-विजेत्यास अडीच लाख. २०२१ पासून स्त्री-विजेतीला व्यावसायिक वर्तुळात प्रवेश देण्याची व्यवस्था झाली, ती इतक्या गुणी खेळाडू निघून गेल्यानंतर.

भारतापुरते पाहिल्यास, पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ सालीच बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले होते. स्त्रियांच्या बाबतीत फळ उशिरा आले. २०१३ साली आयर्लंडमधील कार्लो येथे जागतिक सांघिक पद जिंकणाऱ्या भारतीय चमूत पुण्याच्या अरांचा सांचिस होत्या. त्याच चमूतील विद्या पिल्ले २०१७ साली सिंगापूर येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाच विरुद्ध सहा अशा फरकाने हरल्या. २०२५ मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रन यांनी दोहा येथे जागतिक हौशी पद मिळविले.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्त्रियांच्या क्रीडेचा इतिहास केवळ विजेत्यांच्या नामावलीतून लिहिता येणार नाही. मेज कोणाच्या दालनात होते, दाराशी कोणता नियम लावलेला होता आणि पारितोषिकाची थैली किती होती, याची नोंद त्या नामावलीशेजारी ठेवावी लागेल. फिशर यांचे कौशल्य इंग्लंडमध्ये होते तेच अमेरिकेत होते. बदलली ती त्या कौशल्यावर जगता येण्याची सोय. जबलपूरच्या छावणीत जन्मलेल्या या खेळाला स्त्रियांचे खेळणे दीडशे वर्षांत परिचयाचे झाले. त्यांची उपजीविका मात्र त्याने अलीकडेच विचारात घेतली आहे.