सलग जागेची भाऊबंदकी
जमीन एकूण किती आणि सलग किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत. सूर्या नदीकाठच्या मासवणमध्ये सात-बारा हाताळणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या झाल्या की कागदावर गुंठे तेवढेच राहतात, पण औत फिरवायला शेत उरत नाही. म्हणूनच 1947 च्या मुंबई कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण ही दोन्ही कामं एकदम हाती घेतली. संगणकाच्या मेमरीची वाटणी करणाऱ्या कर्नेललाही हेच दुखणं आहे. शंभर मेगाबाइट मोकळे असतात, पण कॅमेऱ्याला हवे असलेले आठ मेगाबाइट ओळीने मिळत नाहीत. यावरच्या ‘बडी’ (जोडीदार) पद्धतीची ओळख झटपट वाटणी करणारी युक्ती अशी करून दिली जाते. माझ्या मते तिचा खरा गुण वाटण्यात नाही, सांधण्यात आहे.

ही पद्धत पहिल्यांदा वापरली हॅरी मार्कोविट्झ यांनी, 1963 साली, सिमस्क्रिप्ट या प्रणालीत. (गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी 1990 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच.) बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांना ती स्वतंत्रपणे सुचली आणि 1965 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. मेमरीच्या सोळा पानांचा, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा, ठोकळा घ्या. आठ पानं हवी असतील तर त्याचे दोन भाग होतात, एक पान शून्यापासून, दुसरा पान आठपासून. दोन्ही मोकळे झाले की पुन्हा सोळा. जोडीदार शोधायला यादी धुंडाळावी लागत नाही. पत्त्यातला एकच बिट उलटवला की तो सापडतो. मात्र सांधा फक्त सख्ख्या भावांचाच होतो. चार ते सात आणि आठ ते अकरा ही पानं शेजारी-शेजारी मोकळी असली तरी जुळत नाहीत, कारण ती एकाच ठोकळ्याचे दोन अर्धे भाग नाहीत. शिवाय तेहतीस पानं मागितली तर पदरात चौसष्ट पडतात. ही नासाडी खरीच आहे, पण एका बिटात जोडीदार सापडण्याची ती किंमत आहे.

कुणी म्हणेल, आभासी मेमरी असताना सलगपणा हवाच कशाला? विखुरलेली पानं प्रोग्रॅमला ओळीत दिसतात, हे खरं. पण पत्ते बदलून देणारं हार्डवेअर मध्ये नसेल तर मेमरी थेट वाचणाऱ्या उपकरणाला खरीखुरी सलग जागाच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसतं सांधून भागत नाही. एक न हलणारं पान मध्ये बसलं की भाऊ कधीच भेटत नाहीत. 2008 च्या लिनक्स 2.6.24 मध्ये मेल गॉर्मन यांच्या कामामुळे हलवता येणारी आणि न हलणारी पानं शक्यतो वेगळ्या भागांत ठेवली जाऊ लागली. तरीही बडीची नेहमीची कमाल मर्यादा चार मेगाबाइटच होती. सुरुवातीलाच मोठा पट्टा राखून ठेवावा, तर कॅमेरा बंद असताना तो पडीक. 2012 मध्ये लिनक्स 3.5 सोबत आलेल्या ‘सीएमए’ने यातून वाट काढली: पट्टा राखायचा, पण एरवी तो हलवता येणाऱ्या पानांनाच वापरू द्यायचा आणि कॅमेऱ्याने मागितला की त्यांना दुसरीकडे हलवायचं. त्यातलं एखादं पान कुणी त्याच वेळी अडकवून ठेवलं असेल, तर मागणी आजही फेटाळली जाऊ शकते.