दात, जबडा आणि सायनस : एका पिसाची गोष्ट

सर्दीत वरच्या दाढा ठणकतात आणि दातांचे डॉक्टर म्हणतात, "दात चांगले आहेत, सायनस तपासून घ्या." असा अनुभव तुम्हाला आला आहे का? हे नाते वैद्यकाला समजायला बराच काळ लागला.

गालामागच्या हाडातील पोकळी म्हणजे मॅक्सिलरी सायनस. लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास तिचे चित्र काढले होते. १६५१ मध्ये इंग्लंडचे डॉक्टर नथॅनिएल हायमोर यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या एका रुग्ण महिलेचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत स्राव येऊ लागला. तिने तिथे पिसाची काडी घालून पाहिली, तर ती आत आतच जात राहिली! काडी मेंदूपर्यंत पोहोचली या भीतीने ती गांगरली. हायमोर यांनी तिला समजावले : ही रोगाने पडलेली पोकळी नाही, ती प्रत्येकाच्या चेहऱ्यात असते.

वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. म्हणून सायनसची सूज दातदुखीसारखी जाणवते आणि किडलेल्या दाढेचा संसर्ग सायनसमध्ये जाऊ शकतो.

मग वेडेवाकड्या दातांचा काय संबंध? तोंडाची टाळू हीच नाकाची जमीन. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकामागे वाढणाऱ्या ॲडिनॉइडचे वर्णन केले. त्यामुळे मुले तोंडाने श्वास घेतात. तोंड सतत उघडे राहिले की जीभ टाळूला टेकत नाही, आणि वरचा जबडा अरुंद राहू शकतो. पुढे एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून प्रयोग केले. त्यांच्या दातांची ठेवण बिघडली, पण प्रत्येकाची वेगळ्या प्रकारे. म्हणजे नाक हे एक कारण आहे, एकमेव नव्हे, आनुवंशिकताही महत्त्वाची.

म्हणून तुमचे मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर "मोठे झाल्यावर तारा लावू" म्हणून थांबू नका. जबडा वाढत असतानाच कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑर्थोडॉन्टिस्ट, दोघांनाही दाखवा. आणि दाढ दुखते म्हणून ती काढण्याची घाई करू नका. आधी एक्स-रे काढून दुखण्याचे मूळ नेमके कुठे आहे ते पाहा.